गॉगल घातला तर खड्डा दिसत नाही, काढला तर डोळ्यांत पाणी

सायकल चालवणाऱ्यांची गॉगलबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. ऊन असताना राइड सुरू होते तेव्हा गॉगल झकास वाटतो. परतताना सूर्य खाली गेला की रस्ता सपाट दिसायला लागतो. डांबर, झाडाची सावली, ओला डाग आणि खड्डा, सगळं एकाच करड्या रंगाचं. गॉगल कपाळावर सरकवावा तर वाऱ्याने डोळे वाहतात, आणि चिलटं नेमकी याच वेळेला घोळक्याने हवेत असतात. मग कुणीतरी पिवळ्या काचांचा सल्ला देतं. त्या घेतल्या की काही दिवस बरं वाटतं, आणि दिवस लहान व्हायला लागले की तक्रार पुन्हा हजर. पहाटे निघणाऱ्यांचं हेच, फक्त उलट क्रमाने.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपण रंगावर वाद घालत बसतो, पण अंधुक उजेडात रंगाचा नंबर फार खाली लागतो. काच किती टक्के उजेड आत सोडते हा आकडा बघितल्याशिवाय पुढचं काहीही ठरवू नये. आणि आकडा बरोबर असूनही दिसत नसेल, तर दोष काचेच्या रंगात नसून दुसरीकडेच असतो.

आधी दोष नेमका कुठे आहे?

ज्या वेळेला त्रास होतो त्याच वेळेला, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी, सायकलवरून उतरून उभे राहा. पंधरा-वीस मीटरवरचा एखादा खडबडीत तुकडा निवडा: उखडलेली कड, झाकणाची कडा, खडी. गॉगल घालून बघा, मग काढून बघा. काढल्या काढल्या निकाल देऊ नका, मिनिटभर थांबा, कारण डोळ्याला नव्या उजेडाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो.

काढल्यावर खडी स्पष्ट वेगळी दिसायला लागली, तर काच गडद आहे किंवा खराब आहे. कुठली गोष्ट ते कळायला काच धुऊन पुसा आणि तीच चाचणी पुन्हा करा. दोन्ही वेळा सारखंच अंधूक दिसलं, तर गॉगल निर्दोष. डोळे, चष्म्याचा नंबर किंवा पुढचा दिवा बघावा लागेल. आणि उभं असताना छान दिसतं पण चालवताना धूसर होतं, असं असेल तर बहुधा डोळ्यांतलं पाणी किंवा काचेवर धरणारी वाफ हे कारण आहे. त्यासाठी नव्या रंगाची काच घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

शेवटची एक चाचणी दूरच्या दिव्याची. लांबचा एकटा दिवा गॉगलमधून बघा. त्याच्याभोवती वलय, किरणं किंवा एका बाजूला ओढलेली रेघ दिसली आणि गॉगल काढल्यावर ती गेली, तर काचेवर ओरखडे किंवा तेलकट थर आहे. गॉगल काढूनही वलय तसंच राहिलं, तर त्याबद्दल पुढे बोलूच.

आकडा बघायचा म्हणजे काय

काच दृश्य प्रकाशाचा किती भाग आत सोडते त्याला व्हीएलटी म्हणतात, आणि तो टक्क्यांत लिहितात. गॉगलच्या काडीच्या आतल्या बाजूला किंवा डब्यावर ० ते ४ असा कॅटेगरीचा अंक असतो, तो याच आकड्यावरून ठरतो. ० म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, १ म्हणजे ४३ ते ८०, २ म्हणजे १८ ते ४३, ३ म्हणजे ८ ते १८ आणि ४ म्हणजे ३ ते ८. बाजारात सर्रास मिळणारा उन्हाचा गॉगल कॅटेगरी ३ चा असतो. म्हणजे शंभरातला ऐंशीहून जास्त उजेड तो बाहेरच ठेवतो.

भर दुपारी याचा त्रास का होत नाही आणि संध्याकाळी का होतो, हे लक्समध्ये, म्हणजे उजेड मोजायच्या एककात, बघितलं की लख्ख कळतं. स्वच्छ उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. १२ टक्क्यांच्या काचेतून त्यातले बारा हजार उरतात, म्हणजे ढगाळ दुपारीइतके. डोळा खूश. सूर्य मावळताना बाहेर सुमारे ४०० लक्स असतात. त्याच काचेमागे पन्नासही उरत नाहीत. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला, म्हणजे नागरी संधिप्रकाश संपला, की बाहेर जेमतेम तीन-साडेतीन लक्स असतात. काचेमागे अर्धा लक्ससुद्धा नाही. पौर्णिमेच्या चांदण्याच्या आसपासचा हा उजेड, आणि त्यात आपण ताशी पंचवीस किलोमीटरने खड्डे चुकवायला बघतो. विषुववृत्ताच्या पट्ट्यात मावळतीपासून इथपर्यंतची घसरण वीस-पंचवीस मिनिटांत होते. ध्रुवांकडे जावं तसा हा काळ लांबतो.

फसगत अशी की अंधार होतोय हे डोळा आपल्याला प्रामाणिकपणे सांगत नाही. उजेड निम्मा झाला तरी तो निम्मा वाटत नाही, किंचित मंद वाटतो. आधी जातात ते बारीक फरक: करड्यावरचा करडा, उथळ खळगा, ओलसर पट्टा. गाडी, माणूस, दुभाजक सगळं दिसत असतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. ताशी पंचवीसच्या वेगाने सेकंदाला सात मीटर रस्ता मागे जातो. चौदा मीटरवर दिसणारा खड्डा सात मीटरवर दिसला, तर हातातला दोनपैकी एक सेकंद गेला.

गॉगलसाठीच्या आयएसओ १२३१२-१ या मानकानुसार ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणारी काच संधिप्रकाशात किंवा रात्री वाहन चालवायला योग्य नाही. मोटारीला दोन दणदणीत हेडलाइट असतात. आपल्याकडे हँडलवर एक दिवा. तेव्हा आपण याहून ढिलाई करायचं काही कारण मला दिसत नाही. राइड अंधारात संपणार असेल किंवा अंधारात सुरू होणार असेल, तर ८० टक्क्यांच्या वरचीच काच घ्या, आणि शक्य असेल तर सरळ बिनरंगाची. दिवसभर ढगाळ पण अंधाराआधी घरी, असं असेल तर ५० ते ७० टक्के चालतं. झाडीतून जाणारा, ऊन-सावलीचा रस्ता असेल तर तिथल्या सावलीचा हिशोब धरा, उन्हाचा नाही. उन्हात थोडे डोळे बारीक करून भागतं. सावलीत डोळे मोठे करून काही फायदा होत नाही.

बिनरंगाची काचही शंभर टक्के उजेड सोडत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. सायकलिंगच्या बहुतेक काचा पॉलिकार्बोनेटच्या असतात. तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून जवळपास ५ टक्के उजेड परत फिरतो, म्हणून दोन्ही बाजू मिळून ९० टक्क्यांच्या आसपासच आत येतो. अँटी-ग्लेअर कोटिंग असेल तर हा आकडा ९७-९८ पर्यंत जातो. आतल्या बाजूचं कोटिंग विशेष उपयोगी: मागून येणाऱ्या गाडीचा झोत काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यात येतो, तो त्याने कमी होतो. आणि बिनरंगाची काच म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण नाही, ही भीती सोडून द्या. पॉलिकार्बोनेट स्वतःच ते किरण जवळजवळ पूर्ण शोषून घेतं. त्याचा रंगाशी संबंध नाही.

पिवळ्या काचेचं प्रकरण

पिवळी काच घातली की जग उजळल्यासारखं वाटतं, हे खरं आहे. खोटं कुणी बोलत नाही. पण काच ही शेवटी गाळणी आहे; ओतलं त्याहून जास्त त्यातून बाहेर पडत नाही. पिवळी काच निळा भाग अडवते. धुक्यात, ढगाळ हवेत, धुरकट पट्ट्यात विखुरलेला निळसर पडदा त्यामुळे मागे पडतो. दिवसा आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या पिवळट हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो, आणि तो भाग ही काच सुखरूप आत सोडते. म्हणून ढगाळ सकाळी पिवळी काच मलाही आवडते.

अंधार पडायला लागला की खेळच बदलतो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी थकतात, मंद उजेडावर चालणाऱ्या दंडपेशी काम हातात घेतात, आणि डोळ्याची संवेदनशीलता ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकते. लाल फुलं संध्याकाळी काळी पडलेली दिसतात आणि पानं मात्र उजळ, ते यामुळेच. आता गडद पिवळी किंवा केशरी काच डोळ्याला हव्या असलेल्या भागातच हात घालते. गुलाबी-लालसर काचांचं तर आणखी वाईट. ढगाळ दिवसा खडीच्या वाटेवर त्या फार सुंदर काम करतात, मातीचा पोत अगदी उठून दिसतो; पण त्या भरघोस सोडतात तो लाल भाग, आणि दंडपेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही. सूर्य मावळल्यावर सगळ्यांत आधी पाय ओढते ती हीच काच. दुपारी या काचेवर फिदा झालेला माणूस संध्याकाळी तिला शिव्या घालतो, आणि दोन्ही वेळा तो बरोबर असतो.

रात्री ड्रायव्हिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांची २०१९ मध्ये सिम्युलेटरवर चाचणी घेतली गेली. समोरून हेडलाइट येत असताना पादचारी लवकर दिसायला त्या चष्म्यांची मदत झाली नाही. मग त्याने डोळ्यांना आराम का वाटतो? पांढऱ्या एलईडी दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा मोठा सुळका असतो. पिवळी काच तो छाटते, झोत मवाळ वाटतो. पण समोरच्याच्या झोताबरोबर आपल्या दिव्याने उजळलेला रस्ताही त्याच काचेतून येतो, आणि मुळात फिकट असलेला खड्डा आणखी फिकट होतो. आरामाची किंमत अशी वसूल होते. अगदी फिकी, ८० टक्क्यांच्या वरची पिवळी काच आवडत असेल तर जरूर वापरा. तिने फारसं बिघडत नाही. जादूची अपेक्षा मात्र नको.

बाकीचे प्रकार

करडी काच रंग खरे दाखवते, पण ती सहसा गडद असते. तपकिरी मिश्र उजेडाला बरी. आरसा-कोटिंग म्हणजे आत येणारा उजेड आणखी परत पाठवणं. फिक्या काचेवर असलं तरी आकडा खाली येतोच, म्हणून संध्याकाळसाठी नको. निळ्या-जांभळ्या काचा दिसायला छान असतात. कुठलाही रंग घेताना त्यातून सिग्नलचे तिन्ही दिवे बघून घ्या. एखादा मळकट वाटला तर ती काच रस्त्यावर नको.

वरून गडद, खाली फिकी अशी छटेची काच मोटारीत छान चालते. सायकलवर उलटं होतं. ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, हात ठेवून वाकलात की मान खाली जाते आणि नजर काचेच्या वरच्या पट्ट्यातून रस्त्यावर पडते. म्हणजे फिका भाग गुडघे बघायला आणि सर्वांत गडद भाग रस्ता बघायला. विकत घेण्याआधी दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून हे कधीच लक्षात येत नाही. जरा वाकून, भुवयांखालून समोर बघा.

पोलराइज्ड, म्हणजे चकाकी गाळणारी, काच संध्याकाळी नकोच. तत्त्वतःच ती साध्या उजेडाचा निम्म्याहून जास्त भाग सोडू शकत नाही, आणि प्रत्यक्षात बऱ्याच पोलराइज्ड गॉगलचा आकडा कॅटेगरी ३ मध्ये पडतो. शिवाय ओल्या रस्त्याची चकाकी ती खाऊन टाकते. मासेमारीला ते हवं असतं. आपल्याला निसरडा पट्टा त्या चकाकीवरूनच ओळखायचा असतो. काही सायकल कम्प्युटरचा पडदाही ठराविक कोनातून काळा दिसतो.

फोटोक्रोमिक घेतली, तरी त्रास?

मावळतीला हळूहळू कमी होणाऱ्या उजेडासाठी फोटोक्रोमिक काच हा खरोखर चांगला उपाय आहे. ती अतिनील किरणांनी गडद होते, आणि सूर्य खाली गेला की हे किरण दृश्य उजेडाच्या आधीच ओसरतात. त्यामुळे काच वेळेत फिकी व्हायला लागते. तक्रारी येतात त्या तीन ठिकाणी.

पहिली, फिकी झाल्यावर ती किती फिकी होते हे कुणी बघितलेलंच नसतं. डब्यावर दोन आकडे असतात. जाहिरातीत गडद आकडा मिरवतात, आपल्याला दुसरा हवा. तो ७५ च्या खाली असेल तर ती काच संध्याकाळची नाही, मग कितीही महाग असो. दुसरी बोगद्याची. काच फिकी व्हायला मिनिटं लागतात आणि बोगदा सेकंदांत येतो. रस्त्यात लांब बोगदे असतील तर हा प्रकार सोडा. तिसरी थंडीची: गार हवेत ही काच जास्त गडद होते आणि परत फिकी व्हायला जास्त वेळ घेते. हिवाळ्यात संध्याकाळी अंधार लवकर, थंडी जास्त आणि काच मंद, असा तिहेरी मार बसतो. उन्हाळ्यात बरोबर चाललेली काच थंडीत बिघडल्यासारखी वाटते ती यामुळे.

जुन्या फोटोक्रोमिक काचेत वर्षांगणिक थोडा रंग कायमचा राहून जातो. रात्रभर ड्रॉवरमध्ये ठेवून सकाळी घरातच पांढऱ्या कागदावर धरा. कागद स्पष्ट मळकट दिसला तर तिचा संध्याकाळचा कार्यकाळ संपला.

काच बरोबर, तरी रस्ता धूसर

घामाचं मीठ, सनस्क्रीनचा तेलकट हात आणि जर्सीच्या टोकाने केलेली पुसापुशी, या तिघांनी जितक्या काचा वाया गेल्या तितक्या पडून फुटून गेल्या नसतील. बारीक ओरखडे दिवसा दिसत नाहीत. समोरून झोत आला की तेच ओरखडे उजेड चौफेर फेकतात आणि सगळ्या काचेवर दुधी पडदा येतो. धूळ आधी पाण्याने वाहून जाऊ द्या, मग सौम्य साबणाचा थेंब बोटाने फिरवा, धुवा, मऊ मायक्रोफायबरने टिपा. कोरडं घासू नका. अमोनिया असलेला खिडकीचा स्प्रे कोटिंगला घातक आणि अ‍ॅसिटोन पॉलिकार्बोनेटलाच. खोल ओरखड्यावर उपाय नाही. टूथपेस्टचे प्रयोग कोटिंग घालवतात.

वाफ धरते ती थांबल्यावर किंवा चढावर, कारण हवा फिरत नाही. गॉगल नाकावर बोटभर पुढे ओढला की बहुतेक वेळा भागतं. कपाळावर, घामेजल्या हेल्मेटखाली चढवून ठेवलेला गॉगल मात्र परत घातला की हमखास धुरकट असतो. डोळे वाहत असतील तर काच आणि गाल यांतली फट बघा. मोठी, चेहऱ्याला वळसा घालणारी बिनरंगाची काच इथे कुठल्याही रंगापेक्षा जास्त कामाची.

नंबरवाल्यांसाठी एक हिशोब. गॉगलच्या आत नंबरची छोटी फ्रेम बसवली की उजेडाच्या वाटेत आणखी दोन पृष्ठभाग येतात. आतली काच साधी, कोटिंग नसलेली असेल तर ती साधारण ९२ टक्के सोडते. बाहेरची ८० टक्क्यांची असेल तर हाती येतात ७३-७४. डब्यावर ८० बघून आपण निश्चिंत, आणि डोळ्यापाशी ७५ ची रेघ ओलांडलेली. आतल्या काचेला अँटी-ग्लेअर कोटिंग करून घ्या आणि बाहेरची बिनरंगाची ठेवा. शिवाय अंधारात बाहुली मोठी झाली की काहींना लांबचं किंचित अस्पष्ट होतं. दिवसा चष्मा न लागणाऱ्यालाही रात्री अर्ध्या नंबराची गरज भासू शकते. डोळे तपासताना रात्री सायकल चालवतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वय वाढतं तशी अंधारात बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि डोळ्यातलं भिंगही पिवळसर होत जातं, त्यामुळे तरुण जोडीदाराला पुरणारी काच पन्नाशीनंतर पुरेलच असं नाही. आणि गॉगल काढूनही दिव्यांभोवती वलय दिसत असेल, किंवा दर वर्षी संध्याकाळ जास्त काळोखी वाटत असेल, तर मोतीबिंदूपासून अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेपर्यंत कारणं असू शकतात. तिथे दुकानदार उपयोगाचा नाही, डॉक्टरच लागतो.

दिव्याबद्दल एवढंच: फक्त हेल्मेटवरचा दिवा वापरत असाल तर खड्डे सपाट दिसणारच. उजेड जवळजवळ नजरेच्या रेषेतूनच जातो, त्यामुळे खड्ड्याची सावली आपल्याला दिसत नाही. हँडलवर किंवा त्याखाली लावलेला दिवा सावली पाडतो आणि खड्डा उघडा पडतो. सायकल कम्प्युटरचा पडदाही मंद करा. भगभगीत पडद्याकडे बघितलं की अंधाराला सरावलेला डोळा पुन्हा पहिल्या पायरीवर. पूर्ण सराव व्हायला त्याला अर्धा तास लागू शकतो.

याचा अर्थ दिवसाही फिकीच काच घाला असा नाही. दिवसभर प्रखर उन्हात उघड्या डोळ्यांनी राहिलं तर संध्याकाळी डोळे अंधाराशी सावकाश जुळवून घेतात. दुपारी गडद काच चांगलीच. ती वेळेवर उतरवली पाहिजे इतकंच. काचा बदलता येणारी फ्रेम असेल तर बदल सूर्य मावळण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर करा, दिसेनासं झाल्यावर नाही. काच कडेने धरा, मध्ये बोट लावू नका, आणि खोचून बसल्याचा टक आवाज दोन्ही बाजूंनी ऐका. अर्धवट बसलेली काच पहिल्याच धक्क्याला उडते. उतरवलेली काच मऊ पिशवीत घालून जर्सीच्या वेगळ्या खिशात, किल्ल्या आणि पंपाच्या सोबत नको. फ्रेम बदलती नसेल तर बिनरंगाचा दुसरा साधा गॉगल सॅडल बॅगेत कायमचा टाकून ठेवा. पॉलिकार्बोनेटचा असला की पुरे.